शर्टाचा खिसा, पँटचा खिसा: रेसमध्ये सेफ किती आणि रिस्क किती?

घोरपडीकर
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पावसानं घरात अडकलोय म्हणून बसलो टाइप करायला. विषय असा की मी पुण्याच्या घोड्यांच्या रेसला गेली सहा वर्षं जातो, आणि मुंबईचा सीझन लागला की महालक्ष्मीलाही दोन-तीनदा, त्यात डर्बीचा रविवार ठरलेला. मोठा खेळणारा नाही. सीझनला बारा हजार वेगळे काढतो, ते गेले की गेले, एटीएम कार्ड घरी ठेवून जायचं हे बायकोला दिलेलं वचन आहे आणि खोटं वाटेल पण पाळलंय.

तर यंदा जुलैत ठरवलं की जरा पद्धतशीर खेळू. शर्टाच्या खिशात सेफ पैसे, पँटच्या खिशात रिस्कचे. शर्टातून फक्त प्लेस (घोडा पहिल्या दोन-तिघांत आला की पैसे), तेही फेवरेट, म्हणजे ज्याच्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तो, नाहीतर सेकंड फेवरेटवर, टॅक्ससकट शंभर शंभर रुपये. पँटमधून तनाला (पहिले तीन घोडे क्रमानं सांगायचे), जॅकपॉट, एखादा वीसच्या भावाचा (एकाला वीस सुटणारा) घोडा, म्हणजे घरी सांगता येत नाही ते सगळं. एका खिशातनं दुसऱ्यात पैसे न्यायचे नाहीत. बँकेची फुकट मिळालेली डायरी आहे त्यात प्रत्येक बेट लिहिली, टॅक्ससकट खिशातून गेले किती आणि हातात आले किती.

मागच्या रविवारपर्यंतचा हिशोब: शर्ट ६१ बेटा, ६१०० गेले, त्यातल्या ३८ लागल्या आणि ५२३० आले. तोटा ८७०. पँट २४०० गेले, एकच तनाला लागला त्याचे १९४०. तोटा ४६०.

आता मला सांगा, सेफमध्ये जास्त गेले आणि रिस्कमध्ये कमी, मग सेफ कशाला म्हणायचं? माझं साधारण ७०-३० चं प्रमाण आहे ते चुकतंय का? ५०-५० करू? जाणकारांनी लिहा.

टांगा_पलटी
रुमाल टाकून ठेवतो. मला घोडा म्हणजे बुद्धिबळातला अडीच घरं एवढाच माहितीये पण वाचतोय.

आकडेमोड
घोरपडीकर, डायरी ठेवता याबद्दल आधी दंडवत, बहुतेक लोकांना फक्त लागलेलं आठवतं.

आता दुखरी गोष्ट. ३८ प्लेसचे ५२३० म्हणजे शंभराला सरासरी १३७-१३८ परत आले. या भावात नुसतं बरोबरीत सुटायला शंभरात ७३ वेळा घोडा यायला हवा. तुमचे ६१ मध्ये ३८, म्हणजे ६२ टक्के. सारखे सारखे लागत होते म्हणून तुम्हाला सेफ वाटलं, दर दोन रेसला काउंटरवर जाऊन पैसे घेत होता ना, पण घेताना कमी घेत होता. हळूहळू गळणारा नळ आहे हा, फुटलेला पाइप नाही एवढंच.

आणि पँटचं म्हणाल तर तो १९४० चा तनाला डायरीतून बोटानं झाकून बघा. २४०० पैकी २४०० गेले. एका बेटवर उभा असलेला हिशोब आहे तो, त्यावरून ५०-५० वगैरे करू नका प्लीज. शिवाय टक्क्यात बघितलं तर शर्टात १४ टक्के गेले आणि पँटमध्ये १९.

एक जुनी माहिती असलेली गोष्ट, लोक लांबच्या भावाच्या घोड्यांवर लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरेटवर कमी. १९४९ पासून यावर अभ्यास झालेत, अमेरिका इंग्लंडच्या आकड्यांत ते पुन्हापुन्हा दिसलंय, हाँगकाँगमध्ये मात्र तितकं नाही. म्हणजे डोळे मिटूनच लावायचं तर फेवरेटवर कमी बुडतं. कमी बुडतं म्हणालो, मिळतं म्हणालो नाही.

निवांत_नाना
चाळीसेक वर्षं महालक्ष्मीला जातोय, पूर्वी शनिवारी रात्री कोल, म्हणजे रेसचं माहितीपुस्तक, घेऊन बसायचो तेव्हा आमच्या वडिलांना वाटायचं पोरगं अभ्यास करतंय. त्यामुळे थोडं मोठं लिहिणार, सहन करा.

सेफ रिस्की हे घोड्यावर ठरत नाही बाबा, दिवसावर ठरतं. मुंबईत जानेवारी फेब्रुवारीत ट्रॅक कोरडा, सगळ्या घोड्यांना सारखा. पुण्यात पावसाळ्यात रेसा. सकाळी पेनेट्रोमीटरचा (ट्रॅक किती मऊ ते मोजायचं यंत्र) आकडा एक सांगतात, दुपारी दोन सरी येऊन जातात आणि चौथ्या रेसला खाली निव्वळ चिखल. टॉप वेट, म्हणजे सगळ्यात जास्त वजन, घेतलेला फेवरेट शेवटच्या दोनशे मीटरमध्ये असा पाय ओढतो की बघवत नाही. त्यात रेस हँडिकॅप असली तर हँडिकॅपरचं कामच ते आहे, चांगल्याच्या पाठीवर वजन चढवून सगळ्यांना एका रेषेत आणायचं. म्हणजे तुम्ही सेफ घोडा शोधताय आणि एक माणूस पगार घेऊन तो सेफ राहू नये म्हणून बसलाय. टर्म्सच्या रेसमध्ये, क्लासिकमध्ये गोष्ट वेगळी, सगळ्यांना सारखं करायला वजन चढवत नाहीत, तिथे चांगला घोडा चांगलाच राहतो. तुमच्या ६१ मध्ये क्लास फोर, क्लास फाइव्हच्या हँडिकॅप किती होत्या बघा बरं.

आता भावाची गंमत ऐका. बुकींच्या रिंगमध्ये चाळीस पैशाचा फेवरेट म्हणजे शंभर लावले की चाळीस सुटणार. लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी, आधी २८ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. म्हणजे शंभरच्या बेटला खिशातून १४० गेले. घोडा आला, तुम्ही शेजारच्याला मिठी मारली, बुकीनं बिल बघून १४० हातावर ठेवले. सुटले किती? शून्य! तीस पैशाचा असेल तर जिंकून दहा रुपये खड्ड्यात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बिल उलटंसुलटं करून बघितलं, वाटलं काहीतरी चुकलंय. चुकलं काही नव्हतं.

पेसी श्रॉफ जॉकी म्हणून आठ इंडियन डर्ब्या जिंकला, त्याच्यासारखा फिनिश करणारा मी पाहिला नाही. पण त्याच्यावर तीस पैशानं लावून बंगला बांधलेला माणूसही पाहिला नाही.

घोरपडीकर
नाना, डायरी काढून मोजलं. ६१ पैकी ४४ हँडिकॅप, बहुतेक क्लास फोर. म्हणजे २० ते ४६ रेटिंगवाले. हे मी कधी वेगळं बघितलंच नव्हतं, फेवरेट म्हणजे फेवरेट एवढंच डोक्यात. ४४ मध्ये २५ आले आणि उरलेल्या १७ मध्ये १३.

आकडेमोड
१७ हा आकडा छोटा आहे पण दिशा नाना म्हणतात तीच दिसतेय.

नानांच्या चाळीस पैशाला जरा पुढे नेतो. टॅक्स धरून बरोबरीत राहायला किती टक्के वेळा जिंकायला हवं ते बघा. ईव्हन मनीच्या घोड्याला आधी ५० टक्के पुरत होते, आता १४० घालून २०० येणार म्हणजे ७० टक्के. चारच्या भावाला आधी २०, आता २८. दहाच्या भावाला आधी ९, आता साधारण पावणेतेरा. सगळीकडे गुणिले एक पूर्णांक चारच आहे पण ५० चे ७० होणं म्हणजे अशक्य आणि ९ चे पावणेतेरा म्हणजे कठीण. एवढा टॅक्स लागला की सगळ्यात आधी मरते ती सेफ बेट. सरकारनं तुम्हाला ढकलून पँटच्या खिशाकडे नेलंय असं म्हणा हवं तर.

टांगा_पलटी
म्हणजे जीएसटी कौन्सिलनं जुगारी लोकांना जास्त जुगारी केलं? हे फारच भारी आहे.

मध्य_रेल्वे
डोंबिवलीकर. मी फक्त जॅकपॉट खेळतो, त्यामुळे माझ्या दृष्टीनं शर्टाला खिसाच नाही.

पण नाना आणि आकडेमोड बोलतायत त्यावरून एक सांगावंसं वाटतं, चाळीस पैशाच्या फेवरेटचा उपयोग आहे, त्याच्यावर पैसे लावायचे नाहीत, त्याला जॅकपॉटमध्ये बँकर करायचा. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, जॅकपॉट म्हणजे ठरवून दिलेल्या पाच रेसचे पाचही विनर सांगायचे. एका रेसमध्ये एकापेक्षा जास्त घोडे घेता येतात पण गुणाकार होतो. समजा पहिल्या लेगला एक, दुसऱ्या लेगला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला एक आणि पाचव्याला चार, झाले २४ कॉम्बिनेशन. युनिट दहाचं धरलं तर २४० आणि वर टॅक्स. यात जिथे जिथे एकच घेतला तो बँकर. म्हणजे ज्या घोड्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास तो तिकीट स्वस्त करून देतो आणि वाचलेल्या पैशात जिथे काहीच कळत नाही तिथे चार घोडे घ्यायचे. सेफ आणि रिस्क एकाच तिकिटात. पूलचे, म्हणजे वाटायच्या जमा पैशांचे, ७० टक्के पाचही लागलेल्यांना, ३० टक्के चार लागलेल्यांना कन्सोलेशन.

माझा अनुभव, लोक उलटं करतात. जिथे घोडा माहिती आहे तिथे भीतीनं दुसरा पण घेतात आणि जिथे काही माहिती नाही तिथे कोणाची तरी टिप ऐकून सिंगल मारतात. गेल्या सीझनला माझे चार लेग झाले होते, पाचवीला बारा घोडे आणि मी सिंगल, का तर लोकलमध्ये एक जण म्हणाला होता की तबेल्यातनं खबर आहे. तो घोडा सातवा आला. खबर बहुतेक घोड्यापर्यंत पोचली नसावी.

रेवती_कॅम्प
🙂 खबर घोड्यापर्यंत पोचली नसावी हे मी वापरणार.

मी पुण्यातच वाढले, बाबा न्यायचे, त्यामुळे लहानपणी रविवार म्हणजे एम्प्रेस गार्डन नाहीतर रेसकोर्स. मी अगदी थोडं खेळते आणि फक्त टोटावर (बुकीकडे नाही, रेसकोर्सच्या सामाईक पूलमध्ये), तेही जवळजवळ फक्त एसएचपी, म्हणजे सेकंड हॉर्स पूल. घोडा दुसराच यायला हवा, पहिला आला तरी पैसे नाहीत. सगळे हसतात मला, की बाई तू हरणाऱ्यावर लावतेस. पण बघा ना, असे घोडे असतातच, कार्डवर मागचे आकडे २-३-२-२-४. घोडा प्रामाणिक आहे, वेगही आहे, पण शेवटी कोणीतरी एक त्याला मागे टाकतोच, जिंकायची सवयच नाही. सगळे त्याला विनला बघतात आणि म्हणतात छे हा जिंकत नाही, आणि सोडून देतात. मी त्याला धरते.

दुसरं म्हणजे पॅडॉक. मी बेट लावायच्या आधी खाली जाऊन घोडे फिरताना बघते, बघितल्याशिवाय लावायचं नाही हा माझा एकच नियम. मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस, लगाम चावणं, सईस दोन्ही हातांनी धरून ओढतोय, हे सगळं दिसलं की तो फेवरेट असला तरी मी पुढे जाते. त्यानं अर्धी रेस तिथेच पळून घेतलेली असते. एकदा एक फेवरेट फिली (तरुण घोडी) अशी घामानं निथळत होती की खोगिराखालचं कापड काळं पडलं होतं, मी बाबांना म्हटलं हिला सोडा, बाबा म्हणाले अगं पाऊस पडून गेलाय म्हणून ओली आहे. ती शेवटून दुसरी आली. (पावसात मात्र खरंच चुकतं, बाबांचं बरोबर असायचं कधीकधी.)

घोरपडीकरांच्या शर्टाच्या खिशात ६१ बेटा आहेत ना, माझ्या अख्ख्या सीझनमध्ये वीस पण नसतात.

घोरपडीकर
रेवतीताई, हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी शर्टातून खेळताना बघतच नव्हतो काही. सेफ आहे ना म्हणून प्रत्येक रेसला शंभर. डोकं सगळं पँटच्या खिशात वापरत होतो, तनालासाठी कागदावर काय काय मांडायचो.

भीमाकाठ
वाचतोय सगळं आणि राग येतोय खरं सांगायचं तर. काय ते बँकर आणि काय ते पॅडॉक. जुगार आहे हा. माझ्या सख्ख्या काकांनी पुण्यात नोकरीला असताना रेसच्या नादात गावाकडची जमीन विकली, सहा गुंठे, आणि शेवटपर्यंत म्हणायचे माझी सिस्टीम बरोबर होती फक्त पैसे कमी पडले. तुमच्यासारखीच डायरी होती त्यांची पण. लाल रंगाची.

मध्य_रेल्वे
सुप्रीम कोर्टानं १९९६ ला निकाल दिलाय की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही.

भीमाकाठ
कौशल्य घोड्याचं आणि जॉकीचं. तुमचं कौशल्य काय, खिडकीत पैसे सरकवायचं?

निवांत_नाना
भीमाकाठ, तुमच्याशी भांडणार नाही. माझ्या ओळखीतले तसे तीन जण मी मोजून सांगू शकतो, त्यातला एक रेसकोर्सच्या गेटबाहेर माझ्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे मागायचा. एक विचारतो फक्त, काकांची सिस्टीम काय होती, हरल्यावर दुप्पट लावायची?

भीमाकाठ
हो. तुम्हाला कसं कळलं?

निवांत_नाना
सगळ्यांची तीच असते. फेवरेटवर १०० लावा, गेले की २००, गेले की ४००, कधीतरी येईलच. दहाव्यांदा ५१,२०० लावावे लागतात, आणि तोवर ५१,१०० गेलेले असतात. खेळणाऱ्याला ती अगदी सेफ सिस्टीम वाटते कारण रोज थोडे थोडे मिळतात आणि जायचे तेव्हा जमीन जाते. वीसच्या भावाच्या घोड्यावर पन्नास लावणारा माणूस त्या मानानं शहाणा, त्याला निदान माहिती असतं की पन्नास गेले.

भीमाकाठ
५१,२०० चा आकडा बघून पोटात कालवलं. असो. चालू द्या तुमचं.

मेलबर्नकर
इकडून हजेरी. महालक्ष्मीचा ट्रॅक आमच्या इथल्या कॉलफिल्डच्या धर्तीवर बांधलाय, पहिल्यांदा कॉलफिल्डला गेलो तेव्हा उगाच घरी आल्यासारखं वाटलं होतं. इथे घोरपडीकरांचे दोन खिसे एकाच बेटमध्ये मिळतात, ईच वे म्हणतात, अर्धे विनला अर्धे प्लेसला. आणि हौशी खेळणाऱ्याला जिंकलेल्या पैशावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तुमचं ते १४० घालून १४० वाचून मी दोनदा डोळे चोळले.

ऑफिसातले सगळे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपला ईच वे लावतात. २०१५ ला प्रिन्स ऑफ पेन्झान्स शंभरच्या भावाला आला, मिशेल पेन वर होती, कप जिंकणारी पहिली बाई जॉकी. आमच्या ऑफिसात ज्या मुलीला तो लागला तिनं घोड्याच्या रंगावरून निवडला होता. त्यानंतर वर्षभर ती सगळ्यांना टिपा देत होती.

टांगा_पलटी
कोणीतरी मला सांगा, हे सगळं गणित करून कोणी कधी कमावलंय का जगात?

आकडेमोड
कमावलंय. बिल बेंटर म्हणून अमेरिकन, १९८० च्या दशकात अ‍ॅलन वूड्सबरोबर हाँगकाँगला गेला आणि कॉम्प्युटरवर प्रत्येक घोड्याची जिंकायची शक्यता काढून खेळला. २००१ मध्ये बेंटरला ट्रिपल ट्रायो (तीन रेसमधले पहिले तीन-तीन घोडे) लागला, साधारण ११.८ कोटी हाँगकाँग डॉलर, आणि त्यानं ते तिकीट वटवलंच नाही. पण तिथला पूल समुद्र आहे. आपल्याकडे तनालाच्या पूलमध्ये तुम्ही जरा मोठी रक्कम टाकली की तुमच्याच वजनानं डिव्हिडंड, म्हणजे तिकिटाला मिळणारी रक्कम, खाली येतो.

घोरपडीकरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे खरं म्हणजे. हे लोक सेफला इतके आणि रिस्कला इतके असं आधी वाटून घेत नाहीत. प्रत्येक बेटला वेगळी रक्कम ठरते. १९५६ मध्ये बेल लॅबमधल्या केली नावाच्या माणसानं सूत्र दिलं, जिंकायची शक्यता गुणिले भाव, त्यातून हरायची शक्यता वजा करा आणि भावानं भागा. जेवढं येईल तेवढा हिस्सा लावायचा, आणि मायनस आलं तर लावायचंच नाही. उदाहरण घ्या, चारचा भाव आहे आणि तुम्हाला पॅडॉक बिडॉक बघून वाटतंय की हा चारात एकदा जिंकतो. पाव गुणिले चार म्हणजे एक, वजा पाऊण, राहिला पाव, भागिले चार, सव्वासहा टक्के. बारा हजारातले ७५०. शहाणे लोक याच्या अर्धंच लावतात कारण आपला अंदाज आपल्याला वाटतो तितका चांगला नसतो.

हे झालं पुस्तकातलं. आता त्यात टॅक्स घाला. १४० घालून ५०० येणार म्हणजे खरा भाव चार नाही, अडीचच्या जरासा वर. बरोबरीला २८ टक्के हवेत, तुमच्याकडे २५ आहेत. उत्तर मायनस. म्हणजे जो घोडा ७५० लावण्यालायक होता त्यावर आता एक रुपया लावायचा नाही.

घोरपडीकर
म्हणजे बहुतेक रेस सोडायच्या?

आकडेमोड
बहुतेक नाही, जवळजवळ सगळ्या. रेवतीताई हे सूत्र न लावताच करतायत.

मध्य_रेल्वे
आणि लागलाच मोठा जॅकपॉट तर तिथे पण खुशी अर्धी. एका तिकिटावर दहा हजाराच्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस तिथल्या तिथे. चाळीस हजार लागले तर हातात अठ्ठावीस. आणि वर्षभरात हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत, सीए ला विचारून बसलोय, तो हसला फक्त. त्यामुळे आमचा एक मित्र बिनबिलाचं खेळतो बाहेर, ना जीएसटी ना टीडीएस.

निवांत_नाना
त्या मित्राला सांगा नानांनी पण केलंय ते एकेकाळी. तीन रविवार बरोबर पैसे दिले, चौथ्या रविवारी माझा मोठा लागला तर तो माणूसच दिसेना, फोन बंद, आणि तक्रार करायची कुठे? चौकीत जाऊन काय सांगणार, साहेब माझे बेकायदेशीर पैसे बुडाले? कायदा आणि पोलीस बाजूला ठेवा, नुसत्या हिशोबानं बघितलं तरी त्याच्यासारखी रिस्की बेट रेसकोर्सवर एकही नाही.

घोरपडीकर
मंडळी, रविवारचा वृत्तांत. परतीचा पाऊस होताच, छत्री धरून स्टँडवर बसलो. (अवांतर: शेजारी मुंबईहून आलेले एक आजोबा, डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तेव्हा शनिवार रविवारचीच होती आणि रेसवाल्यांनी भरून यायची असं त्यांचे वडील सांगत म्हणे. दोन रेसा त्यातच गेल्या आणि त्यामुळे माझे दोनशे वाचले.)

सहा रेस झाल्या, मी तीन सोडल्या. दुसऱ्या रेसला ३० पैशाचा फेवरेट होता, सगळं स्टँड त्याच्यावर, हात शर्टाच्या खिशाकडे जात होता सवयीनं. नाही लावले. तो आला पाच लेंथनं आणि लोक नाचले, मी मनातल्या मनात हिशोब करत बसलो की यांच्यापैकी बुकीकडे लावलेले सगळे दहा रुपये घालवून नाचतायत. फार एकटं वाटलं हो.

तिसऱ्या आणि सहाव्याला पन्नास पन्नास लावले, दोन्ही गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी मजा पाचव्याला. क्लास फोर हँडिकॅप, अकरा घोडे. खाली पॅडॉकला गेलो. सात नंबर, हलकं वजन, वर अप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) त्यामुळे वजनात आणखी सूट, मागच्या महिन्यात मॉक (सरावाच्या) रेसमध्ये चिखलात चांगला पळलेला मी डायरीत लिहून ठेवला होता. मान खाली घालून निवांत चालत होता, सईसानं दोर सैल सोडलेला. भाव सात. सातच्या भावाला टॅक्स धरून साडेसतरा टक्के लागतात, मला वाटलं याचे बावीस तरी आहेत. आकडेमोडांचं सूत्र मोबाइलवर केलं, पाच टक्क्यांच्या आसपास येत होतं, त्याचं अर्धं केलं आणि विनला दोनशे लावले, टॅक्ससकट २८०. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या खिशातून काढतोय याचा विचार केला नाही, दोन्ही खिशातले एकत्र करूनच दिले.

सरळ भागात आला तेव्हा सात नंबर बाहेरून असा सुटला की मी छत्री टाकून उभा राहिलो. शेवटच्या शंभर मीटरला पहिला होता. मग रेलच्या बाजूनं दोन नंबर आला आणि निकाल फोटोवर गेला. पाच मिनिटं बोर्डाकडे बघत भिजत होतो. जिंकला दोन नंबर, शॉर्ट हेडनं, म्हणजे अगदी नाकभर फरकानं.

आकडेमोड
सॉरी. पण बेट बरोबर होती.

घोरपडीकर
हो, ते मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. बायको म्हणाली बेट बरोबर होती तर २८० कुठे आहेत.

रेवती_कॅम्प
थांबा थांबा, पाचवी रेस, सात नंबर? मी पण होते रविवारी. कार्डवर ३-२-२-५-२ होतं त्याचं. माझा एसएचपी त्याच्यावरच होता!

घोरपडीकर
म्हणजे मी तिथे भिजत फोटोची वाट बघत होतो तेव्हा तुम्ही माझा घोडा हरावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता?

रेवती_कॅम्प
शॉर्ट हेडनं हरावा. जास्त नाही. पुढच्या रविवारी कँटीनला चहा माझ्याकडून, दहाच्या तिकिटाला चांगला आलाय डिव्हिडंड, बन मस्का पण बसेल त्यात.

टांगा_पलटी
मी पण येतो, मला पॅडॉक दाखवा. बेट लावणार नाही, बन मस्का खाणार.